पहिली फुंक

पिठाच्या खोलीचा वास अजून माझ्या नाकात आहे. कोरड्या पिठाला वास नसतो असं लोक म्हणतात. त्यांनी सकाळी सहाला पहिलं पोतं उसवलेलं नसतं. गोणपाटाचा, गव्हाचा आणि बंद जागेचा मिळून एक उबदार वास यायचा आणि तासाभरात तो येईनासा व्हायचा. बिस्किटांचा कारखाना होता तो. भट्टीकडच्या बायका घरी जाताना लोण्या-साखरेच्या वासाच्या असत. त्यांची पोरं त्यांना दारातच बिलगत. आमच्या भुवयांत पीठ. तोंडावर पाणी मारलं की भुवयांची कणीक व्हायची आणि ती एकमेकींची काढताना हसून हसून पुरेवाट व्हायची.

एकवीस वर्षं काढली मी तिथं. बारा पिठात आणि नऊ डब्यांच्या खोलीत. आता गुडघे गेलेत, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण पिठाच्या खोलीत कोण कुठं उभी असायची ते बोट दाखवून सांगेन. दाराबाहेर मुकादम, कारण त्याला पीठ सोसत नसे. मधोमध छातीएवढं नरसाळं, त्यात पोती ओतायची. पलीकडे चाळणीचं यंत्र, त्याच्यावर भोंगा. भोंगा म्हणजे आमच्यातली सगळ्यांत मोठ्या आवाजाची बाई. कारखान्याचा भोंगा बिघडला तर हिला गच्चीवर उभी करा, असं सगळे म्हणत. आणि मागच्या भिंतीशी पोती झटकणाऱ्या जोड्या. त्यातली एक जोडी माझी आणि धाकटीची.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. दोघे भाऊ एकाच घरात राहत, स्वयंपाकघर एकच. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, वर्षातले सहा महिने घरी बसलेले असत, म्हणून तिला कामाला मीच लावलं. आली तेव्हा वेतासारखी होती. दोन पोती एकाच वेळी ओढायची आणि वर गाणं म्हणायची. पंधरा दिवसांत सगळ्या तिच्याभोवती. चार वर्षांत मला कुणी डब्यातला घास पुढे केला नव्हता, हिला आठवड्यात चार जणी बोलवायला लागल्या. मी म्हटलं, असू दे, आपलीच आहे.

पोतं झटकण्याची रीत अशी होती: रिकामं झालेलं पोतं दोघींनी कोपऱ्यांना धरायचं, भिंतीवर तीनदा आपटायचं, उलटं करायचं, परत तीनदा. खाली पडलेलं पीठ झाडून चाळणीत. त्या आपटण्याबरोबर जो ढग उठायचा त्यात समोरची बाई दिसायची नाही. नाकाला बांधायला प्रत्येकीला एकेक फडकं दिलेलं होतं. पण ते बांधलं की बोलता येत नसे, आणि आठ तास न बोलता कोण काढणार? आम्ही ते गळ्यात ठेवायचो. मुकादम आत डोकावला की वर, गेला की खाली.

दुसऱ्या वर्षी धाकटीला शिंका सुरू झाल्या. एक-दोन नाही, सलग सतरा. भोंगा यंत्रावरून मोजायची आणि सतरावर टाळ्या वाजवायची. "अगं, तुझ्या शिंकेनंच पोती झटकली जातायत, आम्ही जातो घरी!" मग डोळे सुजायला लागले. मग छातीतून शीळ. ती श्वास सोडायची तेव्हा बारीक वाजायचं, दाराच्या फटीतून वारा यावा तसं.

"शीळ कुणाला घालतेस गं?" भोंगानं विचारलं.

"मुकादमाला," धाकटी म्हणाली. "बहिरा आहे मेला, वळूनच बघत नाही."

अशी होती ती.

गंमत म्हणजे सुट्टीच्या दिवशी तिला काहीच होत नसे. सकाळी उठून अंगण झाडायची, पाणी भरायची, शीळ नाही की शिंक नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेली की दुपारपर्यंत परत सुरू. आमच्या सासूबाईंनी ते बरोबर हेरलं होतं. "काम म्हटलं की दम लागतो हिला. सुट्टी म्हटली की हरणासारखी पळते." धाकटी घागर उचलून आत जायची. मी सासूबाईंना अडवलं नाही, कारण मलाही थोडंसं तसंच वाटत होतं. आजारी माणूस रोज आजारी असतो, असं आम्ही समजत होतो.

कारखान्यात वर्षातून एकदा फुंकायचा दिवस असे. म्हातारा डॉक्टर यायचा, जेवणाच्या खोलीत टेबल मांडून बसायचा. त्याच्याकडे एक नळी होती, तिच्यावर आकडे आणि एक काटा. खोल श्वास घेऊन एका दमात फुंकायचं. काटा जिथं थांबेल तो आकडा वहीत. तीनशेच्या वर आला की वर्षभर काम पक्कं. खाली आला की मुकादम तिथल्या तिथं बिल्ला काढून घ्यायचा. बिल्ला म्हणजे छातीवरचा पत्र्याचा नंबर. माझा एकतीस, धाकटीचा अठ्ठावन्न. आमच्यातली एक बुटकी म्हणून होती, पंधरा वर्षं काम केलेली. ती दोनशे साठवर थांबली. रडत म्हणाली, "परत एकदा फुंकू द्या." मुकादम म्हणाला, "फुंक संपली, काम संपलं," आणि तिचा बिल्ला खिशात टाकला. दुसऱ्या दिवसापासून तो बिल्ला दुसऱ्या कुणाच्या तरी छातीवर होता.

त्या वर्षी धाकटी रांगेत माझ्यापुढे उभी होती. तिच्या छातीतली शीळ मला मागून ऐकू येत होती. तिनं वळून पाहिलं. ओठ पांढरे, पिठानं की भीतीनं कळत नव्हतं.

"जाऊबाई, माझं काही खरं नाही."

"बिल्ला दे," मी म्हटलं.

"काय?"

"बिल्ला दे आणि संडासात जाऊन बस. मी हाक मारल्याशिवाय येऊ नकोस."

म्हातारा डॉक्टर मान वर करत नसे. टोपी, गळ्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, पापण्यांवर पीठ. आम्ही सगळ्या त्याला एकाच आईच्या वाटलो असणार. मी अठ्ठावन्नचा बिल्ला लावून टेबलापाशी गेले आणि फुंकले. लहानपणी मी नदीच्या या काठावरून त्या काठाला हाक मारायची, माझी छाती तशीच होती. काटा चारशे चाळीसवर. डॉक्टर पहिल्यांदा बोलला, "वा." मग मी रांगेच्या शेवटी गेले, माझा एकतीसचा बिल्ला लावला आणि परत फुंकले. दुसऱ्या फुंकेला कधी पहिलीचा जोर नसतो. चारशे आला.

रांगेतल्या सगळ्यांना कळलं होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही. भोंगा तर मधेच डॉक्टरशी बोलायला गेली, तिच्या आवाजात त्याचं लक्षच राहू नये म्हणून. त्या दिवशी मी खोलीची राणी होते. जेवताना चार जणींनी मला घास दिला.

सहा वर्षं आम्ही हेच केलं. पहिली फुंक तिची, दुसरी माझी. उलटं करावं असं कधी मनात आलं नाही. तिचा आकडा चांगला यावा याचीच मला ईर्षा लागली होती. वर्षं सरत होती, दुसऱ्या फुंकेत दम उरेना. चारशे, तीनशे नव्वद, तीनशे पंचाहत्तर, असं माझं खाली येत गेलं. तिचं मी हट्टानं चारशे तीसच्या खाली येऊ दिलं नाही. घरी मी तिला म्हणायची, "माझ्या श्वासावर जगतेस तू." ती म्हणायची, "मग तुमच्या वाटची भांडी घासते ती काय उगाच?" आणि खरंच, सहा वर्षं मी घरात भांड्याला हात लावला नाही.

ती मात्र आतून पोखरली जात होती. पोतं दोनदा आपटलं की तिसऱ्यांदा भिंतीला टेकायची. बोलणं तुटक झालं. गाणं तर कधीच बंद. तिनं म्हटलं असतं तर मी तिला काम सोड म्हटलं असतं का? विचारलंच नाही तिनं. आणि भाऊजी घरीच होते.

मग कुठल्या तरी दुसऱ्या कारखान्यात पिठाच्या खोलीत दोन माणसं दगावली, सरकारी साहेब आले, दिवसभर हिंडून गेले, आणि महिन्याभरात आमच्याकडे दोन गोष्टी बदलल्या. एक, म्हातारा डॉक्टर जाऊन तरुण डॉक्टर आला. दुसरी, डब्यांची खोली झाली.

ती खोली मला अजून स्वप्नात दिसते. पिठाच्या खोलीला लागूनच, पण मधे काचेची भिंत. मोठी खिडकी. लांब टेबल, आणि प्रत्येकीला बसायला स्टूल. भरलेले डबे यायचे, त्यांच्यावर कागद चिकटवायचा, झाकण दाबायचं, पुढे सरकवायचं. बारा वर्षं उभं राहिलेल्या बाईला स्टूल म्हणजे काय ते तुम्हाला सांगून कळणार नाही. आणि नियम उलटा झाला. ज्यांचा श्वास कमी झालाय त्यांना आता काढायचं नाही, डब्यांच्या खोलीत बसवायचं. जागा चार.

त्या वर्षी अख्ख्या खोलीचा श्वास एका दिवसात गेला. फुंकायच्या दिवशी भोंगाचा आकडा एकशे साठ. भोंगाचा! तिचा आवाज रस्त्यापलीकडे जायचा. तरुण डॉक्टर नुसता हसला. तो म्हाताऱ्यासारखा नव्हता. एकेकीला समोर बसवायचा, टोपी काढायला लावायचा, नाव विचारायचा, तीनदा फुंकायला लावायचा. आणि मागच्या सहा वर्षांची वही उघडून प्रत्येकीचे आकडे रेघांनी जोडायचा.

धाकटी माझ्या आधी बसली. त्या दिवशी तिला काही करायची गरज नव्हती. तिनं खरं तेच फुंकलं. एकशे नव्वद. मग खोकल्याची उबळ, एकशे चाळीस. मग जीव एकवटून दोनशे दहा. डॉक्टरनं तिन्ही आकडे लिहिले.

मग मी. आता खरं सांगायचं तर माझं काही दुखत नव्हतं. थोडं नाक चोंदायचं, एवढंच. सहा वर्षांत पहिल्यांदा मी पहिली फुंक माझ्या नावावर फुंकणार होते. नळी तोंडाला लावली आणि काचेपलीकडचं स्टूल दिसलं. मी फार मोठं नाटक केलं नाही. नेहमी जिथं पोट आत ओढायची त्याच्या थोडं आधी, तिन्ही वेळा, थांबले. तीनशे वीस.

मला वाटलं, दोघींनाही मिळेल. देवाशप्पथ, तसंच वाटलं.

चौथ्या दिवशी मुकादमानं यादी वाचली. चार नावं. तिसरं माझं; वहीत माझी रेघ वर्षागणिक हळूहळू उतरत आलेली होती. धाकटीच्या नावापुढे डॉक्टरचा शेरा होता, तो मुकादमानं मुद्दाम मोठ्यानं वाचला: चारशे तीसवरून एकदम दोनशे दहा, मुद्दाम कमी फुंकते, ताकीद द्यावी.

"अठ्ठावन्न, ऐकलंस?" मुकादम म्हणाला. "पुढच्या वेळी नाटक केलंस तर घरी."

कुणी हसलं नाही. भोंगानं माझ्याकडे बघितलं, मी टोपी नीट केली.

घरी धाकटी भांडी घासता घासता म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही सांगा ना त्यांना. वहीतले आकडे माझे नाहीत म्हणून."

"सांगितलं तर दोघी बाहेर."

"तो डॉक्टर बरा वाटतो."

"बरा वाटतो! आजवर कोण डॉक्टर तुला वाईट वाटला? थोडं थांब. दोन महिने जाऊ देत, मी बघते."

मी काय बघणार होते? दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर बसले. खिडकीतून वारा येत होता. दुपारपर्यंत माझं नाक मोकळं झालं. काचेपलीकडे ढग उठायचा, विरायचा, आणि त्यातून धाकटी दिसायची, नव्या जोडीदारिणीबरोबर पोतं धरलेली. पहिले दोन दिवस मी तिकडे पाठ करून बसले. मग डबे उजवीकडून यायला लागले, तेव्हा तिकडे तोंड करूनच बसावं लागलं.

आठ दिवस ती थांबली. नवव्या दिवशी मुकादमानं मला बोलावलं. डॉक्टर जेवणाच्या खोलीत बसला होता आणि त्याच्यासमोर धाकटी. उभी होती, टेबलाची कड धरून.

"बाई, बसा," डॉक्टर म्हणाला. "ह्यांचं म्हणणं आहे की सहा वर्षं ह्यांच्या नंबरवर तुम्ही फुंकत होतात. खरं आहे?"

मी मुकादमाकडे बघितलं.

"त्यांच्याकडे बघू नका. माझ्याकडे बघा. खरं असेल तर कुणाचीही नोकरी जाणार नाही, माझा शब्द आहे. मला फक्त ह्यांना आजच्या आज पिठातून बाहेर काढायचंय. मात्र मग तुमचे आकडेही खरे धरता येणार नाहीत. जागा चारच आहेत. तुम्हाला परत आत जावं लागेल. एवढंच होईल."

एवढंच. तो फार सरळ माणूस होता. सगळं तागडीत घालून माझ्यापुढे ठेवलं त्यानं. एका पारड्यात ती आणि दुसऱ्यात स्टूल.

मी मनात म्हटलं, सहा वर्षं हिला श्वास दिला. सगळ्यांच्या देखत दिला. एकदा, एकदाच मला काही मिळालंय.

"नाही," मी म्हटलं. "असं काही नाही, साहेब."

धाकटी माझ्याकडे बघतच राहिली. तिला राग आला नव्हता. माणूस घरात शिरावा आणि ओळखीचं कपाट जागेवर नसावं, तसं बघत होती.

"जाऊबाई, असं काय करता? आपण बिल्ले बदलायचो. मी संडासात बसायची. भोंगाला विचारा, सगळ्यांना विचारा."

"भोंगा एकशे साठ फुंकते," मुकादम दारातून म्हणाला. "तिला काय विचारायचं?"

डॉक्टरनं बोटांनी टेबल वाजवलं. मग नळी पुढे केली. "सोपं आहे. चारशे चाळीस फुंकणारी बाई लपत नाही. फुंका, बाई. तीनदा."

"फुंका ना," धाकटी म्हणाली. आवाज अगदी हळू. "जशी माझ्यासाठी फुंकायचात, तशी. एकदा."

सहा वर्षांत बारा वेळा मी ती नळी फुंकली होती. काटा कुठल्या दमाला कुठं थांबतो हे मला माझ्या हाताच्या रेषांसारखं ठाऊक होतं. मी खांदे वर घेतले, श्वास पूर्ण घेतला असा दाखवला, आणि अर्धा आतच धरून ठेवला. तीनशे वीस. परत. तीनशे दहा. परत. तीनशे वीस. धरून ठेवलेल्या श्वासानं बरगड्या दुखत होत्या. मी तो नाकानं सावकाश सोडला, कुणाला दिसू नये असा.

डॉक्टरनं वही धाकटीकडे फिरवली. त्याला समजावून सांगायची सवय होती. "हे बघा. नाटक करणाऱ्याचे तीन आकडे तीन जागी पडतात, कारण माणसाला खोटं मोजून बोलता येत नाही. तुमचे बघा: एकशे नव्वद, एकशे चाळीस, दोनशे दहा. ह्यांचे बघा. एका रेघेत."

धाकटीनं आकडे बघितले. मग हसली. छातीतली शीळ त्या हसण्यात मिसळली आणि खोकला आला, तो संपेपर्यंत आम्ही तिघं थांबलो.

"खरंय साहेब," ती म्हणाली. "जाऊबाईंसारखं फुंकणं कुणाला जमायचं नाही."

मुकादमानं कागद आणला. 'मी सहकारी कामगारावर खोटा आरोप केला, पुन्हा करणार नाही.' तिनं सही केली. तिची सही सुरेख होती, तिनं आपल्या पोरीच्या पाटीवर गिरवून गिरवून केलेली.

त्या दिवशी घरी जाताना मी धास्तावून होते. ती भाऊजींना सांगेल, सासूबाईंपुढे मांडेल, भांडण होईल. तिनं कुणालाही सांगितलं नाही. संध्याकाळी मोरीशी बसून माझ्या वाटची भांडी घासली, नेहमीसारखी, पाटावर उपडी घातली. मी म्हटलं, "राहू दे गं, मी घासते." ती म्हणाली, "सवय झाली." त्यानंतर घरात कामापुरतं बोलायची. जाऊबाई म्हणायची सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं झालं असतं.

कारखान्यात तिची बाजू घेणारं कुणी उरलं नाही. त्यानंतर कमी फुंकल्याबद्दल अर्ध्या खोलीला ताकीद मिळाली आणि त्याचं खापर सगळ्यांनी हिच्यावर फोडलं. ही तक्रार करायला गेली नसती तर डॉक्टर एवढा खवळला नसता, असं त्यांचं म्हणणं. भोंगा तिला नाटकवाली म्हणायला लागली. धाकटी पोतं धरून भिंतीला टेकली की ओरडायची, "पडदा पडला! टाळ्या!" आणि टाळ्या पडायच्या. काचेतून मला आवाज ऐकू यायचा नाही, हात दिसायचे.

दहा महिने तिनं काढले. त्या थंडीत पीठ मऊ पडावं म्हणून एक पिवळसर भुकटी मिसळायला लागले. ती डब्यातून ओतली की पिठाच्या ढगाखाली दुसरा बारीक ढग उठायचा. इतरांचे नुसते डोळे चुरचुरले. धाकटीनं तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता पोतं हातातून सोडलं. टाळ्या पडल्या. मी बघत होते. मग ती खाली बसली आणि टाळ्या थांबल्या, एकेक करून, शेवटची भोंगाची.

तिला उचलून कुठं न्यायचं? जवळची मोकळी हवा आमच्या खोलीत. चार बायकांनी तिला आत आणलं. मी टेबल रिकामं करायला लागले.

"टेबलावर नको," मुकादम दारातून म्हणाला. "डब्यांवर पीठ बसेल. खाली ठेवा."

खाली ठेवली. झोपवलं की जास्तच घुसमटायची, म्हणून मी मागे बसून तिची पाठ माझ्या छातीला टेकवली. ओठ निळे, पापण्या पांढऱ्या. खिडकी सताड उघडली होती, वारा सरळ तोंडावर येत होता, आणि तो तिला आत घेता येत नव्हता. तिची पाठ वर-खाली व्हायची, माझी छाती वर-खाली व्हायची. मी तिच्या कानाशी म्हणत होते, "घे, श्वास घे, घे गं." ती मान वळवून माझ्याकडे बघायचा प्रयत्न करत होती, का खिडकीकडे, ते सांगता येणार नाही. दवाखान्याची गाडी अर्ध्या तासानं आली. त्याच्या थोडं आधी ती थांबली.

अंगावरचं पीठ झाडून टाकल्याशिवाय गाडीत घेणार नाही, असं गाडीवाले म्हणाले. ते मी झाडलं.

कारखान्याच्या कागदात हृदय बंद पडलं असं आलं. डॉक्टरनं वही दाखवून भाऊजींना समजावलं: छाती तर शेवटपर्यंत ठणठणीत, सात वर्षांतला एकच आकडा खाली, तोही संशयाचा. तो गेल्यावर भाऊजी कागद हातात घेऊन माझ्यापाशी आले. त्यांची मुलगी त्यांचं बोट धरून उभी.

"वहिनी, तुम्ही रोज बरोबर होतात. तिला दम लागायचा ना? सुट्टीला बरी, कामावर गेली की शीळ. मला घरात बसून कळायचं ते ह्यांना कसं कळलं नाही? तुम्ही ऑफिसात येऊन सांगाल का?"

मी मुलीचे केस सारखे केले.

"भाऊजी, डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं."

त्यांनी कागदाकडे बघितलं, मान डोलावली आणि त्याची घडी घातली. घरात माझ्या शब्दाला मान होता.